बेटावरचा शेवटचा उंदीर: समुद्रपक्ष्यांची घरटी वाचवायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: समुद्रपक्षी जिथे वीण घालतात अशा एका लहान बेटावर उंदीर शिरले आहेत. दरवर्षी हंगामाआधी सापळे लावून शे-दीडशे उंदीर मारले जातात, तरी अंडी आणि पिल्लं वाचत नाहीत. आता मांजरं सोडावीत का, दुकानात मिळणारं विष टाकावं का, की आणखी काही करावं?

आधी मांजराचं सांगतो, कारण ही चूक एकदा झाली की निस्तरायला पिढी जाते. दक्षिण हिंदी महासागरातल्या मॅरियन बेटावर १९४९ साली उंदरांचा त्रास कमी व्हावा म्हणून पाच मांजरं आणली. १९७० च्या दशकात त्यांची संख्या दोन हजारांवर गेली होती आणि ती वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास समुद्रपक्षी मारत असल्याचा अंदाज निघाला. सगळी मांजरं काढायला १९९१ साल उजाडलं. उंदीर मात्र तिथेच राहिले. २००३ पासून ते अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांना जिवंतपणी कुरतडताना आढळू लागले. मांजराला बिळातून सावधपणे निघणाऱ्या उंदरापेक्षा जमिनीवर निश्चिंत बसलेला पक्षी सोपा पडतो. म्हणून मांजर, मुंगूस, कुत्रा, कोणताही शिकारी प्राणी बेटावर सोडायचा नाही.

दरवर्षी सापळे लावूनही फरक का पडत नाही

समजा बेटावर एक हजार उंदीर आहेत आणि तुम्ही नव्वद टक्के मारले. उरले शंभर. उंदरीचा गाभणकाळ २१ ते २३ दिवसांचा, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला तयार. अन्न भरपूर आणि स्पर्धा कमी झालेली, त्यामुळे संख्या दर दोन महिन्यांनी दुप्पट होते असं धरलं, तरी सात महिन्यांत पुन्हा हजार. वर उरलेले शंभर हे सापळ्याला न फसणारे, संशयी उंदीर असतात. पुढच्या वर्षी तेच सापळे कमी चालतात.

दुसऱ्या बाजूला समुद्रपक्ष्याचा हिशोब बघा. शिअरवॉटर किंवा पेट्रेलची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पहिलं अंडं घालायलाच तिला कित्येक वर्षं लागतात. ही पाखरं दीर्घायुषी असल्याने मोठे पक्षी वर्षानुवर्षं परत येत राहतात आणि बेट भरलेलं दिसतं. पण एकही पिल्लू उडत नसेल, तर ती वसाहत आतून रिकामी होत असते. म्हणून बेटावरच्या कामाचा निकष वेगळा आहे: किती उंदीर मारले हे मोजायचं नाही, उरलेला एक तरी आहे का हे शोधायचं. गाभण मादी एकटी उरली, तरी सगळं काम पाण्यात.

एकटा उंदीर किती चिवट असतो, याचा न्यूझीलंडमध्ये मुद्दाम प्रयोग झाला. २००४ साली हाउराकी आखातातल्या मोटुहोरोपापा नावाच्या साडेनऊ हेक्टरच्या, उंदीर नसलेल्या बेटावर एक तपकिरी उंदीर रेडिओ-पट्टा बांधून सोडला. सापळे, आमिष, पावलांचे ठसे टिपणारे शाईचे बोगदे, प्रशिक्षित कुत्रे सगळं वापरूनही तो दहा आठवडे हाती लागला नाही. मग ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या ओटाटा बेटावर गेला. एकूण १८ आठवड्यांनी सापडला, तोही पेंग्विनचं ताजं मांस लावलेल्या सापळ्यात. त्याची जागा कळवणारा पट्टा गळ्यात होता, तरीही इतका वेळ गेला. घाईगर्दीने विष टाकून परत येणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आधी ओळखा, कोणता उंदीर आहे

जगभरच्या बेटांवर त्रास देणारे मुख्यतः चार. तपकिरी उंदीर, म्हणजे बंदरं-गोद्या आणि गटारांतला जाडजूड उंदीर: वजन ३०० ग्रॅम किंवा जास्त, बिळं खणणारा, उत्तम पोहणारा, एक-दीड किलोमीटरचं पाणी ओलांडू शकणारा. काळा उंदीर: दीडशे-दोनशे ग्रॅम, शरीरापेक्षा शेपूट लांब, चढण्यात तरबेज. कोकणातल्या माडाच्या शेंड्यात बसून कोवळे नारळ पोखरणारा तो हाच. पॉलिनेशियन उंदीर त्याहून लहान, पॅसिफिकच्या बेटांवरचा. आणि चौथा छोटा घरउंदीर, जेमतेम वीस ग्रॅमचा. त्याला कमी लेखण्याची चूक फार झाली. अटलांटिकमधल्या गफ बेटावर एवढ्याशा घरउंदरांमुळे वर्षाला वीस लाख अंडी आणि पिल्लं जातात असा अंदाज आहे. रात्री घरट्यावर बसलेल्या भल्यामोठ्या पिल्लाच्या अंगावर चार-सहा उंदीर चढतात आणि जखम कुरतडत मोठी करतात. पिल्लू उठून जात नाही, कारण लाखो वर्षांत त्याच्या वंशाला जमिनीवरच्या शत्रूची गाठच पडलेली नाही.

ओळख पटवायला मेणाच्या वड्या सगळ्यात स्वस्त. पॅराफिन मेण वितळवून त्यात कोको पावडर किंवा शेंगदाण्याचं कूट घालायचं, साच्यात ओतून वड्या पाडायच्या आणि तारेने खुंटीला बांधून ठेवायच्या. वडीत विष अजिबात नसतं. दातांच्या जोडीची खूण तीन-चार मिलिमीटर रुंद असेल तर मोठा उंदीर, एक-दोन मिलिमीटर असेल तर छोटा घरउंदीर. खेकड्याने कोरलेली वडी ओबडधोबड तुटते, समांतर रेघा दिसत नाहीत. जोडीला शाईचे बोगदे: प्लास्टिकच्या बोगद्यात मधे शाईची पट्टी, दोन्ही बाजूंना कोरा कागद. आणि हालचाल टिपणारे कॅमेरे. ही तपासणी भरतीरेषेजवळ, कड्यांच्या फटींत, गवतात, झाडांवर, घरटी असलेल्या बिळांशेजारी, सगळीकडे करा. मोठा उंदीर असलेल्या बेटावर छोटा घरउंदीर दबून असतो आणि पाहणीत दिसतच नाही. मोठा गेला की हा वर्षभरात उसळतो. दोन्ही असल्याचं आधी कळलं नाही, तर सगळी आखणीच चुकते.

पकडलेल्या प्रत्येक उंदराच्या शेपटीचा शेंडा इथेनॉलमध्ये जपून ठेवा, वर तारीख आणि जागा लिहून. पुढे दोन वर्षांनी उंदीर दिसला, तर तो जुन्यांपैकी वाचलेला की होडीतून नव्याने आलेला, हे जनुकीय तपासणीत कळतं. त्या दोन कारणांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

सुरुवात करण्याआधी तीन अटी

बेटावरचा प्रत्येक उंदीर तुमच्या आमिषाच्या टप्प्यात आला पाहिजे. त्यांच्या वाढीपेक्षा मारण्याचा वेग जास्त हवा. आणि बाहेरून नवा उंदीर येण्याची वाट बंद हवी. यातली एकही अट पुरी होणार नसेल, तर निर्मूलन हाती घेऊ नका. मुख्य भूमीपासून ३०० मीटरवर असलेल्या बेटावर तपकिरी उंदीर पोहून येतच राहणार. तिथे घरट्यांभोवती कायमची आमिषपेट्यांची साखळी आणि सापळे हाच मार्ग, आणि तो खर्च दरवर्षीचा आहे हे मान्य करून चालावं.

बेटावर माणसं राहत असतील तर चौथी अट: सगळ्यांची संमती. एका घराने पोटमाळ्यावर पेटी लावू दिली नाही, तर उंदीर त्या घरात राहणार. ब्रिटनमधल्या सिली द्वीपसमूहातल्या सेंट अ‍ॅग्नेस आणि गग या बेटांवर २०१३-१४ च्या हिवाळ्यात मोहीम झाली, ती तिथल्या जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी रहिवाशांच्या साथीने. कोंबड्यांचं खाद्य झाकून ठेवणं, कचरा साठू न देणं, उंदीर दिसल्यासारखा वाटला तरी लगेच फोन करणं, हे तिथल्या लोकांनी आपलं काम मानलं. २०१६ साली बेटं उंदीरमुक्त जाहीर झाली, पण त्याआधी २०१४ मध्येच मँक्स शिअरवॉटरची पिल्लं बिळाबाहेर दिसली. आजच्या माणसांच्या आठवणीत तिथे तसं कधी झालं नव्हतं.

विष कोणतं, आणि दुकानातलं का नको

आपल्याकडे शेतात सर्रास वापरलं जाणारं झिंक फॉस्फाइड हे तडकाफडकी मारणारं विष आहे. निर्मूलनाला ते निरुपयोगी. उंदराने थोडंसं खाल्लं, काही तासांत पोटात कळा आल्या आणि तो वाचला, तर त्या चवीचा आणि त्या त्रासाचा संबंध त्याला कळतो. मग तो ते आमिष पुन्हा तोंडात घेत नाही. शेतात सत्तर-ऐंशी टक्के मेले तरी पीक वाचतं, बेटावर ते चालत नाही.

म्हणून रक्त गोठू न देणारी विषं वापरतात. ही यकृतात जीवनसत्त्व ‘के’ पुन्हा वापरात आणणारं विकर बंद पाडतात. रक्त गोठवणारे घटक तयार होणं थांबतं आणि तीन ते दहा दिवसांत अंतर्गत रक्तस्रावाने उंदीर मरतो. पहिले काही दिवस त्याला काही जाणवत नाही, तो खातच राहतो. निर्मूलनात सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं रसायन ब्रोडिफॅकूम, दाणेदार गोळ्यांत बहुधा दशलक्षात २० किंवा २५ भाग. ३०० ग्रॅमच्या तपकिरी उंदराला अर्ध्या उंदरांना मारणारी मात्रा मिळायला साधारण साडेचार ग्रॅम आमिष पुरतं, म्हणजे दोन ग्रॅमच्या दोन-तीन गोळ्या. तो एका रात्रीत वीस ग्रॅमवर खातो. घरउंदराला अर्धा ग्रॅमही पुरतो. ही गोळी हिरवी रंगवतात, कारण बहुतेक पक्षी हिरव्या दाण्याकडे कमी वळतात. डिफॅसिनोन हे जुन्या पिढीतलं, पक्ष्यांना कमी घातक, पण ते सलग बरेच दिवस खावं लागतं. एक रात्र पाऊस पडून खंड पडला की काही उंदीर वाचतात. भारतात दुकानात मिळणारी ब्रोमाडिओलोनची ०.००५ टक्क्यांची वडी नव्या पिढीतली आहे, रसायन म्हणून चांगली. तरी ती आणून बेटावर उधळणं हा उपाय नाही. कारण पुढे येतं.

पेट्यांची जाळी

साधारण शंभर-दोनशे हेक्टरांपर्यंतच्या, चालता येण्यासारख्या बेटाला आमिषपेट्या हाच माझ्या मते पहिला पर्याय. आमिष कुठे, किती, कोणी खाल्लं हे रोज डोळ्यांना दिसतं आणि इतर प्राण्यांना धोका कमी राहतो. पेटी म्हणजे शंभर मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या ड्रेन-पाइपचा ७५ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. वर मधोमध आमिष घालायला झाकणाचं भोक, दोन्ही टोकांना कावळे-कुरवांना अडवणारी तारेची कडी, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तारेच्या खुंट्या किंवा दगड. खेकडे फार असतील तर पेटी जमिनीपासून वर उचलून बांधा.

अंतर प्रजातीवर ठरतं. तपकिरी उंदराला ५० मीटरची जाळी, काळ्याला २५ ते ५० मीटर, घरउंदराला १० मीटर. दहा हेक्टरच्या बेटाला ५० मीटरने ४० पेट्या, २५ मीटरने १६०, आणि १० मीटरने एक हजार. घरउंदराचं निर्मूलन इतकं जड का जातं ते या एका आकड्यात आहे: त्याचा वावर काही मीटरांचा असू शकतो आणि दोन पेट्यांमधल्या फटीत एक अख्खं कुटुंब आमिष न पाहता जगू शकतं. किनाऱ्यावर अन्न जास्त, म्हणून तिथे पेट्या दाट लावा. कड्यांवर दोरीने उतरून पेट्या लावाव्या लागतात. सुटलेल्या कड्यांवरच उंदीर उरतात. काळा उंदीर असेल तर माडाच्या शेंड्यात वेगळं आमिष बांधा. तो खाली न उतरताही आयुष्य काढतो.

उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून रिकाम्या पेट्या दोन ते चार आठवडे आधी मांडून ठेवा, त्या त्याच्या सवयीच्या होऊ द्या. मग सगळ्या बेटावर एकाच वेळी आमिष घाला. पहिले काही दिवस रोज किंवा दिवसाआड प्रत्येक पेटी तपासून संपलेलं भरायचं. इथे हयगय झाली तर काय होतं ते समजून घ्या. दांडगे उंदीर आधी पेटीचा ताबा घेतात, दुबळ्यांना जवळ येऊ देत नाहीत. दांडगे मरेपर्यंत पाच-सात दिवस जातात. त्यानंतर दुबळे, तरुण आणि नुकत्या व्यालेल्या माद्या येतात. त्या वेळी पेटी रिकामी असेल, तर तेच उरतात. प्रत्येक पेटीला क्रमांक, नकाशावर जागा, आणि रोजची नोंद: किती ठेवलं, किती गेलं, दातांच्या खुणा कोणाच्या.

आमिष खाण्याचा आलेख साधारण तीन-चार आठवड्यांत शून्यावर येतो. बरेच जण इथे काम संपलं समजतात. खरं म्हणजे इथे सुरू होतं. सगळीकडे मेणाच्या वड्या मांडा, चॉकलेट, शेंगदाणे, खोबरं, मासळीचं तेल असे चार-पाच वास वापरा, कॅमेरे लावा. कुठे खूण दिसली, तर तिच्याभोवती शे-दोनशे मीटरच्या टापूत दाट पेट्या, वेगळ्या रूपातलं आमिष (गोळी नको असेल तर मेणाची वडी किंवा लगदा) आणि सापळे. शेवटचा उंदीर बऱ्याचदा तुमची पेटी टाळतच इथवर आलेला असतो. त्याला तीच पेटी पुन्हा दाखवून उपयोग नाही.

हंगाम निवडताना उंदराचं अन्न सगळ्यात कमी आणि वीण थांबलेली असेल तो काळ घ्यायचा. थंड प्रदेशात तो हिवाळा. समुद्रपक्षीही तेव्हा बहुधा बेटावर नसतात. उष्ण कटिबंधात कोरड्या ऋतूची अखेर बरी, पण तिथे उंदीर वर्षभर विऊ शकतात आणि खेकडे आमिष फस्त करतात. खेकडा या विषाने मरत नाही, त्याचं रक्त गोठण्याची रीत वेगळी. त्यामुळे तो खातच राहतो आणि उंदराला काही उरत नाही. माड असलेल्या, खेकड्यांच्या, ओल्या बेटांवर अपयशाचं प्रमाण जास्त दिसतं ते यामुळेच. आधी बिनविषारी आमिष टाकून बघा: त्यात अतिनील उजेडात हिरवं चमकणारं पायरानिन मिसळतात. चार रात्रींनंतर किती आमिष उरलं आणि पकडलेल्या प्रत्येक उंदराच्या लेंडीत चमक आहे का, हे तपासायचं. शंभरपैकी एका जरी उंदरात चमक आढळली नाही, तर आमिषाची मात्रा किंवा अंतर बदला आणि चाचणी पुन्हा घ्या.

मोठ्या बेटांसाठी हेलिकॉप्टर

हजारो हेक्टर आणि तुटलेले कडे असले, की हेलिकॉप्टरखाली लोंबणाऱ्या बादलीतून आमिष फिरत्या चकतीने फेकतात. प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर अर्धा चढवतात, किनाऱ्याला आणि उभ्या कड्यांना जादा फेरी, आणि उपग्रहाच्या मदतीने कुठे किती पडलं याची रेष जपतात. काही दिवसांनी, बहुधा दोन-तीन आठवड्यांनी, दुसरी फेरी घेतात. पहिल्या वेळी बिळातच असलेली पिल्लं तोवर बाहेर पडलेली असतात. आमिष पडल्यावर किमान तीन-चार रात्री पाऊस नको, गोळ्यांचा चिखल होतो.

या पद्धतीने न्यूझीलंडने २००१ साली ११,३०० हेक्टरच्या कॅम्पबेल बेटावरचे तपकिरी उंदीर १२० टन आमिषाने संपवले. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर तर २०११ ते २०१५ दरम्यान तीन टप्प्यांत एक लाख हेक्टरांहून जास्त जमीन हाताळली. तिथली युक्ती शिकण्यासारखी आहे: समुद्रापर्यंत उतरणाऱ्या हिमनद्या उंदरांना ओलांडता येत नव्हत्या, त्यामुळे बेटाचे आपोआप वेगवेगळे कप्पे पडले होते. एकेक कप्पा साफ करत जाता आलं. हिमनद्या मागे सरकत असल्यामुळे हे कप्पे जोडले जायच्या आत काम उरकायचं होतं. प्रशिक्षित कुत्र्यांकडून तपासणी झाल्यावर २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं.

अपयशाचीही नोंद घ्यायला हवी. पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर २०११ च्या मोहिमेत साठ ते ऐंशी उंदीर वाचल्याचा अंदाज आहे, आणि आज ते बेट पुन्हा भरलेलं आहे. गफवर २०२१ मध्ये मोहीम झाली, त्याच वर्षी डिसेंबरात कॅमेऱ्यात घरउंदीर दिसला. पॅसिफिकमधल्याच मिडवे बेटावर २०२३ च्या जुलैत आमिष पडलं आणि काही महिन्यांतच उंदीर सापडले. अनुभवी माणसं, पुरेसा पैसा, चांगली यंत्रं असूनही हे झालं. विषाच्या वड्या आणून बेटावर उधळल्या तर का भागणार नाही, हे यावरून कळावं.

उंदरासोबत मरणारे इतर

ब्रोडिफॅकूम यकृतात महिनोन्‌महिने राहतं. मेलेला उंदीर खाणारा गरुड, कुरव, कावळा विषबाधेने मरू शकतो. अलास्काच्या ज्या बेटाचं नावच रॅट आयलंड पडलं होतं, तिथे २००८ मध्ये उंदीर संपले, पण ४६ टकल्या गरुडांचे आणि तीनशेहून जास्त कुरवांचे मृतदेह मिळाले. (उंदीर गेल्यावर बेटाला त्याचं जुनं नाव मिळालं: हवाडॅक्स.) यावरचे उपाय खर्चिक असले तरी टाळू नयेत. उंदीर आणि पक्ष्यांचे मृतदेह रोज गोळा करून खोल पुरा. शिकारी पक्षी स्थलांतर करून गेलेले असताना काम करा. बेटावरचा दुर्मीळ प्राणी धोक्यात येत असेल तर त्याची काही संख्या पिंजऱ्यात सांभाळा. कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनाकापा बेटावर २००१-०२ मध्ये तिथल्या स्थानिक हरीण-उंदरांना असंच सांभाळलं, शिवाय बेटाचे भाग वेगवेगळ्या वर्षी हाताळले. घरातल्या कुत्र्यासाठी जीवनसत्त्व ‘के-१’ पशुवैद्याकडे तयार ठेवा. त्या बेटावरचे खेकडे माणसांनी कित्येक महिने खाऊ नयेत.

अनेक परके प्राणी असतील तर क्रमही महत्त्वाचा. न्यूझीलंडच्या हाउटुरू बेटावरून १९८० मध्ये मांजरं काढली, तेव्हा उंदरांवरचा वचक गेला आणि कुक्स पेट्रेलची पिल्लं आधीपेक्षा कमी जगू लागली. २००४ मध्ये उंदीर काढल्यावर ती भरभराटीला आली. शक्य असेल तर सगळे एकाच मोहिमेत, नाही तर दोन टप्प्यांत फार अंतर पडू देऊ नका.

राखण

बेट मोकळं झाल्याचं जाहीर करण्याआधी दोन वर्षं, म्हणजे उंदरांच्या दोन वीण-हंगामांइतका काळ थांबतात. एखादा उरला असेल तर तोवर संख्या वाढून तो दिसतोच. पण राखण पहिल्या दिवसापासून. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर काळा उंदीर १९१८ साली एका जहाजाच्या अपघातातून उतरला आणि पक्ष्यांच्या पाच जाती तिथून संपल्या. २०१९ मध्ये मोठी मोहीम झाली, २०२१ मध्ये पुन्हा उंदीर दिसले. लगेच कुत्रे, कॅमेरे आणि पेट्या घेऊन माणसं तुटून पडली म्हणून ते आवरलं.

दूरच्या बेटावर उंदीर स्वतःच्या पायाने फार कमी येतो, तो सामानातून येतो. जाळ्यांचे ढीग, दोरांची वेटोळी, तांदळाची पोती, गवताचे भारे, पुठ्ठ्याची खोकी या त्याच्या जागा. बेटावर जाणारं सामान घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्यांत भरा आणि बांधाबांध बंद खोलीत करा. होडीत कायम एक आमिषपेटी आणि एक सापळा ठेवा. होडी रात्रभर बेटाला बांधून ठेवू नका. उतरण्याच्या जागेजवळ मेणाच्या वड्यांची रांग वर्षभर लावून ठेवा आणि महिन्याला एकदा बघा. खूण सापडली, तर ४८ तासांच्या आत माणसं बेटावर पोहोचली पाहिजेत. त्यासाठी मुख्य भूमीवर भरलेली पेटी तयार हवी: ५० आमिषपेट्या, ताजं बुरशी न लागलेलं आमिष, २० सापळे, १० कॅमेरे आणि बॅटऱ्या, मेणाच्या वड्या, शाईचे कागद, इथेनॉलच्या बाटल्या, हातमोजे, नकाशा. आमिषावरची तारीख दर सहा महिन्यांनी तपासा. कुबट वासाचं आमिष उंदीर हुंगून सोडून देतो.

पक्षी परतायला वेळ लागतो, पण ते परततात. ब्रिटनच्या लंडी बेटावर २००१ मध्ये मँक्स शिअरवॉटरच्या तीनशेच्या आसपास जोड्या होत्या. २००६ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं आणि २०१७-१८ च्या मोजणीत साडेपाच हजार जोड्या भरल्या. ध्वनिक्षेपकावर त्यांचे आवाज ऐकवून, लाकडी प्रतिकृती मांडून हे लवकर घडवता येतं. फायदा पक्ष्यांपुरता राहत नाही. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या अभ्यासात, उंदीर नसलेल्या बेटांभोवतीच्या प्रवाळांवर माशांचं एकूण वजन ४८ टक्के जास्त भरलं. पक्ष्यांची विष्ठा पावसाबरोबर समुद्रात उतरते आणि प्रवाळाला खत मिळतं.

आपल्या किनाऱ्याचं एक सांगतो. वेंगुर्ला रॉक्सवर सुरयांची वीण होते आणि गुहेत भारतीय पाकोळीची घरटी आहेत. लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावरही सुरय घरटी करतात. अशा ठिकाणी विष नेण्याचा विचार कुणीही स्वतःच्या मनाने करू नये. वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि तिथल्या इतर जिवांची पाहणी आधी व्हावी लागते. पण होडीत उंदीर नसल्याची खातरजमा करायला परवानगी लागत नाही. बेटाजवळ जाणाऱ्या खारव्यांनी आणि पर्यटकांच्या होड्यांनी जाळ्यांखाली, फळ्यांखाली, इंजिनाच्या खोक्यात आठवड्यातून एकदा दिवा मारून लेंड्या बघाव्यात, बंदरात होडी उभी असताना सापळा लावावा आणि बेटावर खाण्याचं उष्टं टाकू नये. पाहणीची परवानगी मिळालीच, तर पहिल्यांदा न्यायच्या त्या वीस-तीस बिनविषारी मेणाच्या वड्या. वीण संपल्यावर त्या उतरण्याच्या जागेपासून सुरू करून बेटभर बांधा, तीन-चार रात्रींनी काढून घ्या आणि प्रत्येक वडीचा मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या.